नवा ओसी कोण, हे ओळखायचं असेल तर यादी बाजूला ठेवा आणि हेड कोचकडे बघा

प्रश्न असा आला आहे : "दादा, मी इथे अमेरिकेच्या मिडवेस्टात मास्टर्सला आहे. आमच्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (ओसी) एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, गेला आणि तेव्हापासून लॅबमध्ये, जिममध्ये, बसमध्ये दुसरा विषय नाही. तीन नावं जोरात आहेत. एक, दुसऱ्या कॉन्फरन्समधला (विद्यापीठांच्या दुसऱ्या गटातला) बक्षीसविजेता ओसी. दोन, आमचाच जुना क्वार्टरबॅक, जो आता एनएफएलच्या एका संघात सहायक कोच आहे. तीन, आमच्याच स्टाफमधला टाइट एंड्सचा कोच. याचं नाव निघालं की सगळे नाक मुरडतात. यातलं खरं कोण? आणि ही निवड आतून होते तरी कशी?"

बक्षीसविजेत्याचं नाव मी पहिल्याच झटक्यात बाजूला ठेवेन. आणि तिसऱ्या नावाला नाक मुरडणाऱ्यांत तूही असशील, तर जरा दमानं घे. का, ते सांगतो. उत्तर लांबणार आहे.

आधी मी कुठून बोलतोय ते. मी मिडवेस्टातल्या एका हायस्कूलमध्ये बरीच वर्षं ऑफेन्सचा सहायक कोच आहे. त्याआधी शिकत असताना, आणि नंतरही काही काळ, एका विद्यापीठाच्या फुटबॉल ऑफिसात व्हिडिओ कापायचं काम करत होतो. सामना संपला की एकेक प्ले (चाल) वेगळा काढायचा, त्याला फॉर्मेशन, डाउन, अंतर, निकाल अशी लेबलं लावायची आणि सकाळी कोचमंडळी यायच्या आत सगळं तयार ठेवायचं. व्हिडिओवाल्या पोराला तिथे कोणी खिजगणतीत धरत नाही, त्यामुळे त्याच्यासमोर सगळं मोकळेपणाने बोललं जातं. ओसी बदलताना आत काय चालतं ते मी तिथे पाहिलं.

ज्यांनी हा खेळ नुकताच बघायला सुरुवात केलीय त्यांच्यासाठी दोन ओळी. चेंडू ज्याच्याकडे तो ऑफेन्स, त्याला अडवणारा डिफेन्स. दहा यार्ड पुढे जायला ऑफेन्सला चार संधी, प्रत्येक संधी म्हणजे एक डाउन. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो किंवा पळणाऱ्या बॅकच्या हातात देतो, रिसीव्हर तो झेलतात, पुढची पाच जणांची लाइन वाट मोकळी करते, आणि टाइट एंड लाइनच्या टोकाला उभा राहून दोन्ही कामं करतो. ओसी म्हणजे चेंडू आपल्या संघाकडे असताना पुढची चाल कोणती खेळायची हे ठरवणारा कोच. एक प्ले संपला की ४० सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. २०२४ पासून कॉलेज फुटबॉलच्या वरच्या विभागात क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ आला, पण घड्याळावर १५ सेकंद उरले की तो बंद पडतो. म्हणजे समोरचा डिफेन्स बघून, निर्णय घेऊन, पोराच्या कानात सांगायला हाताशी सेकंद पंचवीसच. सामन्यात असं साठ-सत्तर वेळा. त्यामुळे हरलं की शिव्या पहिल्यांदा ओसीच खातो.

आता मुद्द्याचं. चाहते यादीपासून सुरुवात करतात : देशात चांगले ओसी कोण, त्यातला आपल्याला परवडणारा कोण. हेड कोच त्या वाटेने जातच नाही. त्याच्या डोक्यात आपल्याला कसा खेळ खेळायचाय हे आधीच पक्कं असतं. त्या चौकटीत बसणारा, आणि रात्री अकरा वाजता फोन केला तर ज्याच्याशी आडपडदा न ठेवता बोलता येईल असा माणूस त्याला हवा असतो. म्हणून तुझ्या तीन नावांवर बोलण्याआधी तुझा हेड कोच कोण आणि कसा, हे बघायला हवं. तेच तू प्रश्नात लिहिलेलं नाहीस. चाहत्यांच्या गप्पांतही नेमकं तेच राहून जातं.

अलाबामा विद्यापीठाचा माजी हेड कोच निक सेबन घे. २००७ ते २०२३ या काळात त्याने तिथे सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली आणि त्या सहा हंगामांत ओसी होते पाच. जिम मॅकेल्वेन दोनदा, २००९ आणि २०११ मध्ये. मग डग नुसमायर, लेन किफिन, ब्रायन डेबॉल आणि २०२० मध्ये स्टीव्ह सार्किसियन. पाचही जणांच्या शैली वेगळ्या. किफिनला तर यूएससी विद्यापीठाने हेड कोच पदावरून सप्टेंबर २०१३ मध्ये भर हंगामात काढून टाकलं होतं. शिस्तीचा कडवा सेबन आणि वाट्टेल तिथे थट्टा करणारा किफिन हे जोडपं एका ऑफिसात टिकेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पण सेबनला खेळाचा वेग वाढवायचा होता, क्वार्टरबॅकचं काम सोपं करायचं होतं, आणि ते जमणारा माणूस नेमका तेव्हाच रिकामा होता. गरज कोणाची होती ते बघ, म्हणजे निवड उलगडते.

दुसरी गोष्ट, "ओसी" ही पाटी आणि प्ले बोलवण्याचा अधिकार या दोन गोष्टी एका माणसाकडे असतीलच असं नाही. ओहायो स्टेटमध्ये २०२३ साली ओसीची पाटी ब्रायन हार्टलाइनच्या दारावर होती, आणि प्ले बोलवत होता हेड कोच रायन डे स्वतः. एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या) २०१९ च्या अजिंक्य संघात सगळी वाहवा जो ब्रेडीच्या वाट्याला आली. त्याचं पद "पासिंग गेम कोऑर्डिनेटर" होतं, आणि ओसी होता स्टीव्ह एन्स्मिंगर. तुझा हेड कोच ऑफेन्सचा असेल आणि स्वतः प्ले बोलवत असेल, तर त्याला मोठ्या नावाची गरज नाही. त्याला सोमवारपासून गेम प्लॅनची जुळवाजुळव करणारा भरवशाचा माणूस पाहिजे. तो डिफेन्सचा माणूस असेल, तर तो ऑफेन्सची पूर्ण किल्ली कुणाच्या तरी हातात देणार, आणि मग अनुभवी माणूस शोधणार.

ओहायो स्टेटचंच पुढचं प्रकरण ऐक, कारण अंदाज बांधणं किती फोल असतं ते त्यात दिसतं. जानेवारी २०२४ मध्ये डेने बिल ओब्रायनला ओसी म्हणून आणलं. चाहते खूश, विषय संपला. त्याच महिन्याच्या शेवटी बोस्टन कॉलेजचा हेड कोच जेफ हाफली एनएफएलच्या ग्रीन बे पॅकर्सकडे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणून गेला. बोस्टन कॉलेजची खुर्ची रिकामी झाली आणि ओब्रायन, जो त्याच भागातला, तीन-एक आठवड्यांतच तिकडे निघून गेला. मग डेने कुणाला आणलं? यूसीएलए विद्यापीठाच्या चालू हेड कोचला, चिप केलीला. हेड कोचची खुर्ची सोडून माणूस ओसी व्हायला येतो, हे कुणाच्या यादीत असणार? पण डे न्यू हॅम्पशायर विद्यापीठात क्वार्टरबॅक होता तेव्हा त्याचा ओसी चिप केली होता. पुढे एनएफएलमध्ये ईगल्स आणि फोर्टीनायनर्स या दोन्ही संघांत डे केलीच्या हाताखाली क्वार्टरबॅक कोच होता. केलीला पुन्हा पोरांना शिकवण्यात आणि प्ले आखण्यात रस होता, पैसे गोळा करण्यात आणि हात मिळवत फिरण्यात नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये ओहायो स्टेटने नोत्र दामला ३४-२३ हरवून विजेतेपद घेतलं, आणि केली महिन्याच्या आत एनएफएलमध्ये गेला. तेव्हा हेड कोचने आजवर कुठे कुठे काम केलं ती यादी काढ आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्या शेजारच्या टेबलावर कोण बसत होतं ते बघ. दहा वेळा अंदाज केलास तर त्यातले बरेच इथूनच बरोबर येतील.

आता आयोवा. मला हे प्रकरण सगळ्यात बोलकं वाटतं. आमच्या भागात शनिवारी निम्मी माणसं काळ्या-सोनेरी जर्सीत असतात, आयोवा राज्याला एनएफएलचा संघच नाही, त्यामुळे तिथे कॉलेजचा ओसी हा घराघरातला विषय.

कर्क फेरेन्ट्झ तिथे १९९९ पासून हेड कोच. पहिल्या २५ हंगामांत त्याने ओसी केले फक्त तीन : केन ओकीफ १३ वर्षं, ग्रेग डेव्हिस ५ वर्षं, आणि २०१७ पासून स्वतःचा मुलगा ब्रायन. सरकारी विद्यापीठात नातेवाइकाला थेट हाताखाली ठेवता येत नाही, म्हणून कागदोपत्री ब्रायनचा वरिष्ठ क्रीडा संचालक. डिफेन्स देशातला अव्वल. ऑफेन्स असा की चाहते आपल्या पंटरसाठी, म्हणजे चेंडू लांब लाथाडून समोरच्या संघाला देणाऱ्यासाठी, टाळ्या वाजवायचे. तो पंटर टोरी टेलर, ऑस्ट्रेलियन पोरगा. २०२३ मध्ये त्याने एका हंगामात ४,४७९ यार्ड पंट करून राष्ट्रीय विक्रम केला. पंटर मैदानात येतो तो ऑफेन्स अडकला की, हे लक्षात घे, म्हणजे त्या विक्रमाचा अर्थ कळेल.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रायनच्या करारात दुरुस्ती झाली. पगार ५० हजार डॉलरने कापून साडेआठ लाखांवर आणला, आणि अट घातली की संघाने सामन्यागणिक सरासरी २५ गुण करायचे आणि किमान सात सामने जिंकायचे. डिफेन्सने किंवा स्पेशल टीम्सने (किकच्या वेळी उतरणाऱ्या तुकडीने) केलेले गुणही त्यात धरले जाणार होते, तरीही. मग काय, प्रत्येक शनिवारी अख्खं राज्य ३२५ चा हिशोब मांडत बसलं. तेरा सामने गुणिले पंचवीस. ओसीच्या नोकरीचा असा गुणफलक पूर्वी कधी पाहिला नव्हता. ऑक्टोबरच्या ३० तारखेला, संघ सहा जिंकून दोन हरलेला असताना, हंगामी क्रीडा संचालक बेथ गेट्झ यांनी जाहीर केलं की हंगामानंतर ब्रायन राहणार नाही. संघ शेवटी दहा जिंकला, चार हरला, आणि त्या चारांतल्या तीन सामन्यांत शून्यावर राहिला : पेन स्टेटशी ३१-०, मिशिगनशी २६-०, टेनेसीशी ३५-०. सरासरी १५.४.

म्हणजे शोधाला अधिकृत तीन महिने मिळाले. त्या तीन महिन्यांत लोकांनी काय काय नाही सुचवलं! बहुतेकांचा सूर एकच : आता मोकळेपणाने चेंडू फेकणारा, चार-पाच रिसीव्हर पसरवणारा तरुण आणा. मला तेव्हाही हसू येत होतं. फेरेन्ट्झ हा हाडाचा ऑफेन्सिव्ह लाइनचा कोच. १९८० च्या दशकात आयोवात तेव्हाचा हेड कोच हेडन फ्राय याच्या हाताखाली लाइन शिकवली, पुढे एनएफएलमध्येही तेच. त्याचा खेळ म्हणजे झोन रन (सगळी लाइन एका दिशेला सरकते आणि बॅक पडेल त्या फटीतून धावतो), चेंडू न गमावणं आणि बाकी डिफेन्सवर सोडणं. पंचवीस वर्षं एका विचाराने खेळलेला माणूस मुलगा गेला म्हणून धर्मांतर करेल?

जानेवारी २०२४ च्या अखेरीस नाव आलं टिम लेस्टर. पहिली प्रतिक्रिया : कोण? वेस्टर्न मिशिगनचा माजी हेड कोच, ३७ विजय, ३२ पराभव, २०२२ नंतर तिथून काढलेला. पण मधलं एक वर्ष बघायला हवं होतं. २०२३ चा हंगाम त्याने ग्रीन बे पॅकर्समध्ये विश्लेषक म्हणून काढला. तिथला हेड कोच मॅट लफ्लोर आणि लेस्टर नव्वदच्या दशकाच्या शेवटी वेस्टर्न मिशिगनमध्ये एकाच संघातले खेळाडू. आणि पॅकर्सचा रन गेम कुठला? वाइड झोन. फेरेन्ट्झला आयुष्यभर आवडलेल्या गोष्टीचीच नवी आवृत्ती. बरं, वेळही जुळवून बघ. पॅकर्स प्लेऑफमध्ये २० जानेवारीला फोर्टीनायनर्सकडून हरले, आणि त्यानंतर साधारण आठवडा-दीड आठवड्यात आयोवाची घोषणा. "एवढा उशीर का, कुणी यायलाच तयार नाही का" म्हणून लोक कपाळावर हात मारत होते, तेव्हा एनएफएलचे कोण कोण अजून खेळतायत हे बघायचं कुणाला सुचलं नाही.

वाइड झोन म्हणजे काय ते थोडं जवळून दाखवतो, कारण ओसी आणि हेड कोचची जात इथेच कळते. पाचही लाइनमन एकाच दिशेने, कडेला सरकतात. पहिला पाय चालीच्या बाजूचा, पुढे नाही तर आडवा. तो पाय सहा इंच पडायचा की बारा, टाच उचललेली की टेकलेली, यावर लाइन कोच वसंतातले कितीतरी तास घालवतो. धावणारा बॅक टाइट एंडच्या बाहेरच्या बाजूला नेम धरून निघतो, समोरचा ब्लॉक कसा लागतोय ते वाचतो, एक पाय रोवतो आणि एकदाच वर कापतो. दोनदा नाचला तर संपलं. लेस्टरने यात भर घातली ती स्नॅपच्या आधीच्या हालचालीची. चेंडू सुटण्याआधी एक रिसीव्हर आडवा पळत जातो. त्याच्याबरोबर डिफेन्सचा लाइनबॅकर (पुढच्या फळीमागे उभा राहणारा) एक पाऊल जरी सरकला तरी ब्लॉकचा कोन बदलतो आणि फट पडते. एक पाऊल. टीव्हीवर कॅमेरा चेंडूवर असतो म्हणून हे दिसत नाही.

निकाल? २०२३ मध्ये चौदा सामन्यांत २१६ गुण करणाऱ्या आयोवाने २०२४ मध्ये तेरा सामन्यांत ३६० केले. केलेब जॉन्सन नावाचा बॅक, जो आधीच्या वर्षीही संघात होताच, १,५३७ यार्ड धावला आणि धावून २१ टचडाउन केले (चेंडू समोरच्या टोकाच्या रेषेपार नेला की टचडाउन). पासिंग मात्र तसंच लंगडत राहिलं. आणि गंमत बघ, विजय दहावरून आठवर आले. गुण सामन्यामागे बारांनी वाढले आणि विजय दोनने घटले. ओसी बदलला की सगळं बदलेल असं वाटणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघावेत.

आता पुन्हा त्या व्हिडिओ खोलीत ये. नवा ओसी बाहेरून आला की पहिली धाड तिथे पडते. मागच्या दोन-तीन हंगामांची हजारो क्लिप्स जुन्या ओसीच्या शब्दांत लेबल केलेल्या असतात. उजवीकडे तीन रिसीव्हर असलेल्या रचनेला जुना "ट्रिप्स" म्हणायचा, नवा "ट्रे" म्हणतो. जुन्याचं पास प्रोटेक्शन (चेंडू फेकताना क्वार्टरबॅकला वाचवायची रचना) आकड्यांत, नव्याचं मुलींच्या नावांत किंवा शहरांच्या नावांत. नव्याला सोमवारी "माझ्या नावाने सगळे थर्ड अँड मीडियम (तिसरा डाउन, मध्यम अंतर) काढ" असं म्हणायचं असतं, आणि सिस्टीममध्ये त्याच्या नावाने काहीच नसतं. आम्ही रात्र रात्र बसून ते बदलायचो. आमचं सोड, आम्ही पगारी किंवा निदान पिझ्झ्यावर. पण एकोणीस-वीस वर्षांच्या क्वार्टरबॅकला ते सगळं डोक्यात नव्याने बसवायचं असतं, आणि वसंतात सरावाची सत्रं मिळतात पंधरा. लाइन कोचला तर स्वतःची भाषाच बदलावी लागते. म्हणून ओसीच्या शोधात लाइन कोच राहतोय की जातोय, हा मला सगळ्यात भरवशाचा सुगावा वाटतो. लाइन कोच टिकला, तर येणारा माणूस त्याच्या रन गेमशी जुळवून घेणारा असणार. तो गेला, तर घरात मोठी उलथापालथ ठरलेली आहे, आणि मग तुमच्या यादीतलं धाडसी नाव खरंही ठरू शकतं. जाता जाता : याच कारणासाठी घरातला माणूस वर चढवणं हेड कोचला मोहाचं वाटतं. एकही शब्द बदलावा लागत नाही.

अफवांकडे वळू. मुंबईत मंत्रिमंडळाचा विस्तार व्हायच्या आधी जी नावं फिरतात, त्यांतली किती स्वतः इच्छुकांनीच सोडलेली असतात हे आपल्याला कुणी शिकवायला नको. इथेही तोच खेळ आहे, फक्त सोडणारे एजंट आहेत. एखाद्या चांगल्या ओसीचं नाव तुमच्या संघाशी जोडलं गेलं की त्याच्या सध्याच्या विद्यापीठाला घाम फुटतो आणि पगारवाढ होते. चार दिवसांनी "त्याने इथेच राहायचं ठरवलं" अशी बातमी येते. तुमचा हेड कोच त्याच्याशी बोललाही नसेल. एकाच एजन्सीकडे हेड कोच आणि उमेदवार दोघंही असतात, त्यामुळे कोण कुणासाठी बोलतंय ते बाहेरून कळणं कठीण. विमानांचा माग काढणारे भिडू तर वेगळीच जमात. विद्यापीठाच्या देणगीदाराचं जेट कुठल्या गावी उतरलं यावरून नेमणुका जाहीर करतात. बऱ्याचदा त्या विमानात देणगीदाराची बायको आणि नातवंडं असतात.

त्यापेक्षा रिक्रूटिंगवर (हायस्कूलमधून खेळाडू मिळवण्यावर) लिहिणाऱ्या पत्रकारांकडे लक्ष दे. नव्या ओसीचा पहिला फोन स्वतःच्या क्वार्टरबॅकला जातो, पोराने ट्रान्सफर पोर्टलमध्ये (दुसऱ्या विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत) उडी मारू नये म्हणून. दुसरा फोन पुढच्या वर्षी यायचं कबूल केलेल्या हायस्कूलच्या क्वार्टरबॅकला, आणि त्याच्या आईवडिलांना. ही माणसं एजंट नसतात, त्यामुळे त्यांच्या तोंडून खरं लवकर निघतं. आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या घरी असा फोन आला होता. विद्यापीठाची अधिकृत घोषणा व्हायच्या आधी आमच्या सगळ्या कोचिंग स्टाफला नाव माहीत होतं.

पैशाबद्दल फार लिहीत नाही. सरकारी विद्यापीठांचे करार सार्वजनिक असतात, बायआउटची (करार मध्येच सोडल्याच्या भरपाईची) रक्कम त्यात लिहिलेली असते, आणि हेड कोचची नोकरी किंवा एनएफएल असेल तर ती बहुधा कमी किंवा शून्य असते. दुसऱ्या कॉलेजात त्याच पदावर जायचं तर मात्र भरावी लागते. फेब्रुवारी २०२३ मध्ये नोत्र दामचं मन यूटा विद्यापीठाचा ओसी अँडी लुडविग याच्यावर होतं. गणित जमलं नाही, बायआउटमुळे बिनसल्याच्या बातम्या आल्या, क्रीडा संचालकांनी पैशामुळे नाही असं सांगितलं. काहीही असो, शेवटी ओसी झाला जेरड पार्कर.

तर तुझी तीन नावं.

बक्षीसविजेता. ब्रॉयल्स पुरस्कार १९९६ पासून देशातल्या सर्वोत्तम सहायक कोचला देतात. २०२२ चा विजेता टीसीयू विद्यापीठाचा ओसी गॅरेट रायली. टीसीयू राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेलं, तिथे जॉर्जियाकडून ६५-७ असा मार खाल्ला, आणि काही दिवसांत रायली क्लेमसनला गेला. पहिल्या वर्षी क्लेमसन नऊ जिंकलं, चार हरलं. रायली वाईट कोच होता का? मुळीच नाही. टीसीयूकडे हाइझमनच्या (सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या पुरस्काराच्या) शर्यतीत दुसरा आलेला क्वार्टरबॅक मॅक्स डुगन होता, क्वेंटिन जॉन्स्टनसारखा रिसीव्हर होता. ते काही सामानात बांधून आणता येत नाहीत. याहून मोठं उदाहरण एलएसयूचं. २०१८ मध्ये क्वार्टरबॅक जो बरोने १६ टचडाउन पास फेकले होते. न्यू ऑर्लिन्स सेंट्समधून २९ वर्षांचा जो ब्रेडी आला, आणि २०१९ मध्ये बरोचे ६० झाले, संघ १५-०. ब्रेडी लगेच एनएफएलला, पँथर्सकडे गेला. हेड कोच एड ओरजरॉन मग तीच जादू पुन्हा शोधत राहिला. २०२१ साठी ब्रेडीच्याच हाताखालचा जेक पीट्झ पँथर्समधून आणला. संघ सहा जिंकला, सात हरला, आणि हंगाम संपायच्या आधीच ओरजरॉनचं जाणं जाहीर झालं. ब्रेडीची वही मिळाली होती. बरो आणि त्याचे रिसीव्हर जेफरसन आणि चेस मिळाले नव्हते. शिवाय बक्षीसविजेत्याला या घडीला हेड कोचच्या खुर्च्या खुणावत असतात. त्याच पदावर, त्याच कामाला, तुमच्याकडे तो कशाला येईल? भरमसाट पैसे किंवा हेड कोचशी जुनी दोस्ती, यातलं एक तरी असायला हवं. नसेल तर नाव खोडून टाक.

जुना क्वार्टरबॅक. हे नाव चाहत्यांच्या प्रेमातून येतं. नोत्र दामचा टॉमी रीस त्याच विद्यापीठाचा क्वार्टरबॅक होता आणि २७ व्या वर्षी तिथेच ओसी झाला हे खरं, पण त्याआधी तीन वर्षं तो तिथे क्वार्टरबॅक कोच होता. थेट परतला नव्हता. एनएफएलमधल्या माणसाला विचारायचे दोन प्रश्न : तुमच्या हेड कोचबरोबर कधी काम केलंय का, आणि सोळा वर्षांच्या पोरांच्या घरी जाऊन सोफ्यावर बसायची, रात्री मेसेज करायची तयारी आहे का? एनएफएलमधले बरेच जण दुसऱ्या प्रश्नाला मनातून नाही म्हणतात. याला मी दहातले तीन देईन. त्याच्या संघाचा हंगाम संपेपर्यंत तुमच्याकडे नुसती शांतता असेल, तर चार.

टाइट एंड्सचा कोच. वर जेरड पार्करचं नाव घेतलं ना, तो नोत्र दामचा टाइट एंड्सचा कोचच होता. तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली. त्या वर्षी संघ दहा जिंकला, तीन हरला, आणि पार्कर ट्रॉय विद्यापीठात हेड कोच म्हणून गेला. टाइट एंड्सच्या कोचला एक फायदा असतो जो बाहेरून दिसत नाही : त्याचा खेळाडू रनमध्ये लाइनबरोबर ब्लॉक करतो आणि पासमध्ये रिसीव्हरबरोबर पळतो, त्यामुळे आठवड्यातल्या दोन्ही बैठकांना तो बसतो. रन गेम आणि पास गेम दोन्ही आतून माहीत असलेला सहायक स्टाफमध्ये बहुधा तोच. लाइन कोच टिकलाय, क्वार्टरबॅक राहतोय आणि हेड कोच स्वतः प्ले बोलवणारा आहे, या तिन्ही गोष्टी तुमच्याकडे खऱ्या असतील तर मी डोळे झाकून याच्यावर पैज लावेन.

बोल सामना (हंगामानंतरचा निमंत्रित सामना) अजून व्हायचा असेल आणि त्यात प्ले हा टाइट एंड्सचा कोचच बोलवणार असेल, तर तुला स्वतःच परीक्षा घेता येईल. पहिल्या दोन ड्राइव्हवरून (ड्राइव्ह म्हणजे चेंडू हाती असतानाची सलग चालींची एक खेप) मत बनवू नकोस. पहिले पंधरा-एक प्ले आठवडाभर सगळ्या स्टाफने बसून लिहून ठेवलेले असतात. त्यांत ऑफेन्स झकास दिसला तरी ते श्रेय एकट्याचं नाही. तिसऱ्या ड्राइव्हपासून वही उघड. पहिल्या डाउनला दोनच यार्ड मिळाले की पुढे काय बोलवतो, डिफेन्सने एकदा फसवलं तर तीच रचना दाखवून दुसरी चाल काढतो का, आणि मध्यंतरानंतर पहिल्या ड्राइव्हमध्ये नवीन काही दिसतं का, एवढं लिहून ठेव. आणि लाइन कोचचं काय झालं ते मला कळव.